त्रिप्रतल चेष्टा आणि कर्मसामर्थ्य : वातव्याधीच्या रुग्णासाठी व्यायामयोजना

प्रस्तावना

वातव्याधीच्या रुग्णास आपण स्नेह देतो, स्वेद देतो, बस्ती देतो, गुग्गुळाचे कल्प देतो. औषधाची मात्रा, काल आणि अनुपान आपण काळजीने लिहितो. व्यायामाच्या बाबतीत मात्र ‘थोडा व्यायाम करीत जा’ एवढ्या मोघम वाक्यावर रुग्णाची बोळवण होते. कोणता व्यायाम, कोणत्या दिशेने, किती आणि कोठे थांबावे, याची नोंद आपल्या केसपेपरवर क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखकही या दोषास अपवाद नव्हता. पुढील अनुभवाने त्याचे डोळे उघडले.

जानुसंधिगत वाताचे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, वय ६६ वर्षे. जानुबस्ती, अभ्यंग व आभ्यंतर चिकित्सेने त्यांची वेदना पुष्कळ कमी झाली, गुडघा अधिक वाकू लागला. जिना ते आधाराविना चढू लागले. सकाळी बारा सूर्यनमस्कार त्यांनी पुन्हा सुरू केले. वैद्य संतुष्ट, रुग्ण संतुष्ट. चार महिन्यांनी न्हाणीघरात तांब्या घेण्यासाठी बाजूला वळताना त्यांचा तोल गेला, ते कुशीवर पडले व खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर काठी टेकीत ते भेटावयास आले तेव्हा म्हणाले, “वैद्यराज, माझे नमस्कार एक दिवस चुकले नाहीत. मग पाऊल कसे चुकले?”

त्यांचा जुना केसपेपर काढून पाहिला. वेदना, शोथ, गुडघ्याचे आकुंचन-प्रसारण यांच्या नोंदी व्यवस्थित होत्या. ते एका पायावर किती वेळ उभे राहू शकतात, बाजूला पाऊल टाकताना धड कलते काय, वळताना पाऊल वळते की केवळ कंबर वळते, याबद्दल एकही ओळ नव्हती. सर्व परीक्षण पुढे-मागे अशा एकाच दिशेचे होते, व्यायामही त्याच दिशेचा होता, आणि अपघात बाजूला झाला होता. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. परंतु आपल्या परीक्षणात काय सुटते, हे एका रुग्णावरूनही कळू शकते.

शास्त्रविचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाची व्याख्या करताना शरीराची ती इष्ट चेष्टा, जी स्थैर्य व बल वाढविते, असा आशय सांगितला आहे. आणि ती मात्रेने करावी हेही तेथेच बजावले आहे. फलश्रुतीत लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, दुःखसहिष्णुता, दोषक्षय व अग्निवृद्धी यांचा उल्लेख येतो. यातील ‘कर्मसामर्थ्य’ हा शब्द प्रस्तुत विषयाचा गाभा होय. आधुनिक व्यायामशास्त्रात ज्यास ‘फंक्शनल ट्रेनिंग’ म्हणतात, त्याचा हेतू हाच की स्नायूंचा आकार वा एखाद्या आसनाची पूर्णता हे साध्य न मानता उठणे, बसणे, वळणे, उचलणे, पाऊल टाकणे या नित्यकर्मांचे सामर्थ्य वाढावे.

चेष्टांचा कर्ता व्यान वायू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात व्यान पाच प्रकारे चेष्टा घडवितो असे म्हटले आहे. टीकाकारांनी त्या पाच चेष्टा प्रसारण, आकुंचन, विनमन, उन्नमन व तिर्यग्गमन अशा स्पष्ट केल्या आहेत. आपल्या नेहमीच्या परीक्षणात पहिल्या चार येतात. पाचवी, म्हणजे आडवी-तिरकी गती, बहुधा राहून जाते.

शारीरस्थानात सुश्रुताचार्यांनी संधींचे चेष्टावंत व स्थिर असे दोन वर्ग व रचनेवरून आठ प्रकार सांगितले आहेत. गुडघा, कोपर, घोटा हे कोर संधी, म्हणजे बिजागरीसारखे. खांदा व वंक्षण हे उलूखल संधी, म्हणजे उखळात मुसळ बसावे तसे. ग्रीवा व पृष्ठवंशातील संधी प्रतर. बिजागरी एका दिशेने उघडते. उखळातील मुसळ सर्व दिशांना फिरते. ज्या संधीची रचनाच सर्व दिशांसाठी आहे, त्यास वर्षानुवर्षे एकाच दिशेने वापरणे म्हणजे त्याचे अर्धे कर्म गमावणे होय.

तीन प्रतले

शरीराच्या हालचाली तीन प्रतलांत विभागून समजून घेण्याची पद्धत आधुनिक शारीरशास्त्रात आहे.

१) सॅजिटल प्रतल : पुढे-मागे होणारी हालचाल. वाकणे, ताठ होणे, बैठक मारणे, जिना चढणे.

२) फ्रंटल प्रतल : बाजूस होणारी हालचाल. पाय वा हात बाजूला नेणे, कुशीकडे कलणे, आडवे पाऊल टाकणे.

३) ट्रान्सव्हर्स प्रतल : उभ्या अक्षाभोवती वळणे. मान फिरविणे, धड वळविणे, मांडी आत-बाहेर फिरविणे.

प्रत्यक्ष कर्म कधीही एकाच प्रतलात होत नाही. भरलेली बादली उचलून बाजूच्या कट्ट्यावर ठेवणे या साध्या कृतीत तिन्ही प्रतले येतात. साधे चालणेही याला अपवाद नाही. चालण्याच्या एका चक्रातील सुमारे ८० टक्के वेळ शरीराचा भार एकाच पायावर असतो. त्या वेळी श्रोणी दुसऱ्या बाजूस खचू नये म्हणून खुब्याच्या बाहेरील अंगाची ग्लूटियस मीडियस ही पेशी तिला तोलून धरते. म्हणजे दिसावयास पुढे जाणारी गती आतून बाजूच्या प्रतलातील बळावर उभी असते. ही पेशी दुर्बल झाली की रुग्ण झोकांड्या देत चालू लागतो; आणि बाजूला तोल गेला तर सावरण्याचे पाऊल वेळेवर पडत नाही. कुशीवर, थेट खुब्यावर पडणे हेच खुब्याच्या अस्थिभग्नाचे प्रमुख कारण असते.

वळण्याच्या प्रतलाबाबत एक गोष्ट प्रत्येक वैद्याने ध्यानी ठेवावी. कटिकशेरूंच्या संधींची रचनाच अशी आहे की एकेका संधीत वळण्यास जेमतेम १ ते २ अंश वाव असतो. पृष्ठकशेरू मात्र एकूण सुमारे ३० अंश वळू शकतात, आणि मांडीचा उलूखल संधी आत व बाहेर पुष्कळ फिरतो. खुबे व पाठ आखडली की वळण्याचा भार, ज्यास ते काम दिलेलेच नाही त्या कटिप्रदेशावर पडतो. अशा कटिशूलात कंबरेवर कितीही तेल जिरविले तरी उपशय तात्पुरता राहतो. उपाय खुबे व पाठ मोकळी करण्यात असतो.

आपल्या परंपरेतील व्यायाम

सूर्यनमस्काराचा प्रसार महाराष्ट्रात घरोघर होण्यामागे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे परिश्रम होते, हे सर्वश्रुत आहे. पृष्ठवंशाचे विनमन-उन्नमन, खांदे व मनगटांवर भार, वंक्षण व घोट्याचे प्रसारण, श्वासाची लय असा त्याचा लाभ मोठा आहे. तथापि त्याच्या स्थिती एकामागून एक तपासून पाहाव्यात. बहुतेक सर्व चेष्टा पुढे-मागे होणाऱ्या आहेत. त्यात आडवे पाऊल नाही, धडाचे वळण नाही, एका पायावर उभे राहणे नाही. हा सूर्यनमस्काराचा दोष नव्हे. त्यास संपूर्ण व्यायाम समजणाऱ्या आपल्या समजुतीचा दोष आहे.

जुन्या तालमीत हे अपुरेपण नव्हते. जोर-बैठकांच्या जोडीला मुद्गल व करेल फिरविणे असे. त्यात खांदा सर्व दिशांनी फिरतो व धड वळते. लेझमीत उकिडवे बसणे, बाजूला झुकणे व वळणे हे सर्व तालावर होते. घरातील जाते, उखळ, रहाटाविना पाणी शेंदणे यांतही वळणे व कलणे नित्याचे होते. ते श्रम पुन्हा आणावेत असा याचा अर्थ नाही. त्यांत अतिश्रम होता, एकाच अंगावर भार होता आणि त्यापायी अनेक स्त्रियांच्या कंबरा गेल्या. परंतु जाते गेले तेव्हा त्याच्या श्रमाबरोबर त्याची चेष्टाही गेली, आणि तिची जागा दुसऱ्या कशाने भरली नाही.

एकात्म लवचीकता म्हणजे काय

लवचीकता म्हणजे अंग किती ताणले जाते, असा सर्वसाधारण समज आहे. चिकित्सेच्या दृष्टीने तिच्या तीन पायऱ्या मानाव्यात. पहिली, दुसऱ्याच्या हाताने वा पट्ट्याच्या आधाराने संधी किती जातो. दुसरी, रुग्ण स्वतःच्या बळाने तो किती नेऊ शकतो. तिसरी, उभे असताना, भार घेऊन, काम करताना तो त्यातील किती वापरू शकतो. उताण्या रुग्णाचा पाय वैद्याच्या हाताने ८० अंश वर जातो, स्वतःच्या बळाने ६० अंश, आणि न्हाणीचा उंबरा ओलांडताना तोच पाय अडखळतो, असे वारंवार दिसते. अशा रुग्णास आणखी ताण देऊन लाभ नाही. त्याची उणीव लांबीत नसून स्वाधीनतेत आहे.

एकच पेशी स्थिर ताणून धरण्याचा काळ साधारण ३० सेकंद पुरेसा असतो. ६० सेकंदांहून अधिक ताणल्यास काही वेळ तिचे बळ उणावते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणून दीर्घ ताणानंतर लगेच तोलाचे वा भाराचे व्यायाम देऊ नयेत.

पाच मिनिटांचे परीक्षण

अमेरिकेत ग्रे कुक व ली बर्टन यांनी सात चाचण्यांची व २१ गुणांची एक हालचाल-परीक्षा प्रचारात आणली. तिच्या गुणांवरून पुढील इजेचे भाकीत करता येते हा दावा नंतरच्या अभ्यासांत टिकला नाही. तथापि सुटा संधी न पाहता संपूर्ण चेष्टा पाहावी, ही तिची दृष्टी घेण्यासारखी आहे. आपल्या चिकित्सालयात पुढील परीक्षणास खुर्ची, घड्याळ व भिंत एवढेच साहित्य पुरते. रुग्णाजवळ साहाय्यक अवश्य उभा करावा.

१) हात छातीवर ठेवून खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येते ते मोजावे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या कोष्टकानुसार ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाची संख्या १२ हून व स्त्रीची ११ हून कमी भरल्यास पडण्याचा धोका समजावा.

२) खुर्चीतून उठून ३ मीटर चालणे, वळणे व परत येऊन बसणे. १२ सेकंद वा अधिक लागल्यास सावध व्हावे. वळताना पावले अडखळतात काय ते विशेष पाहावे.

३) एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद उभे राहणे. न जमल्यास तोल उणा समजावा.

४) भिंतीजवळ उजवीकडे व डावीकडे पाच-पाच आडवी पावले. श्रोणी खचते काय, धड कलते काय ते पाहावे.

५) बसून हात छातीवर ठेवून धड दोन्हीकडे वळविणे. दोन्ही बाजूंतील भेद नोंदवावा.

या पाच नोंदी केसपेपरवर दिनांकासह लिहाव्यात. ‘बरे वाटते’ या रुग्णाच्या शब्दापेक्षा सहा आठवड्यांनंतरचा आकडा अधिक बोलतो.

व्यायामयोजना

पूर्वकर्म : कोरडी काष्ठेही स्नेह-स्वेदाने वाकविता येतात, तर जिवंत अंगाचे काय, हा चरकाचार्यांचा दृष्टान्त आपण स्नेहन-स्वेदनाच्या समर्थनार्थ देतो. त्याचा उत्तरार्ध आपण विसरतो. मृदू झालेले काष्ठ तसेच ठेवले तर पुन्हा जसे होते तसे वाळते. म्हणून अभ्यंग व मृदू स्वेदानंतरचा काळ हा चेष्टेचा काळ समजावा. मात्र तळपायांचे तेल पूर्ण पुसल्याविना, फरशी कोरडी असल्याविना रुग्णास उभे करू नये. तेलाने निसरड्या झालेल्या पावलाने पडलेला रुग्ण हे आपल्याच उपचाराचे अपयश होय.

पहिला टप्पा (आठवडे १ व २) : निजून वा बसून. उताणे निजून एकेक गुडघा पोटाकडे आणणे. कुशीवर निजून वरचा पाय किंचित मागे ठेवून वर उचलणे. खुर्चीवर बसून धड वळविणे. प्रत्येकी ८ ते १० वेळा, दोन्ही बाजूंनी.

दुसरा टप्पा (आठवडे ३ व ४) : ओट्याचा आधार धरून. खुर्चीतून उठणे-बसणे ८ वेळा, आडवी पावले दोन्हीकडे १०-१०, टाचा उचलणे, एका पायावर १० सेकंद. आधार प्रथम दोन्ही हातांनी, नंतर एका हाताने, नंतर केवळ बोटांनी.

तिसरा टप्पा (आठवडे ५ व ६) : मिश्र चेष्टा. आपण घड्याळाच्या मध्यभागी उभे आहोत असे कल्पून एका पायावर भार ठेवावा व दुसरे पाऊल १२, ३, ६ व ९ या जागी टेकवून परत आणावे. बाजूच्या फळीवरील तांब्या धड वळवून घ्यावा व दुसऱ्या बाजूस ठेवावा. दोन-तीन लिटर पाण्याची बादली उचलून पावलांनी वळावे, कंबरेने नव्हे. अर्धा लिटर पाण्याची बाटली हाती धरून मुद्गलाप्रमाणे खांद्याभोवती सावकाश फिरवावी.

मोकळीक आणणाऱ्या चेष्टा रोज कराव्यात. तोल व बळ यांच्या चेष्टा वृद्धांनी आठवड्यातून किमान ३ दिवस कराव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे. या मार्गाचा लाभ काल्पनिक नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत १०८ चाचण्यांचा विचार करण्यात आला. समाजात स्वतंत्रपणे राहणाऱ्या वृद्धांमध्ये व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे तीत आढळले, आणि लाभ प्रामुख्याने तोलाच्या व नित्यकर्माशी निगडित व्यायामांचा होता.

मात्रा : अर्धशक्तीचे लक्षण यासाठी आजही उत्तम आहे. श्वास मुखाने घ्यावा लागू लागला, कपाळ, नाक, कक्षा येथे घाम दिसू लागला व मुख कोरडे पडू लागले की थांबावे. रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडीची गती वाढत नाही. अशा रुग्णात नाडी मोजण्यापेक्षा हे लक्षण अधिक उपयोगी पडते. हेमंत, शिशिर व वसंत ऋतूंत अर्धशक्तीपर्यंत, इतर ऋतूंत त्याहून कमी.

वृद्धास व्यायाम निषिद्ध नाही काय?

हा प्रश्न कोणीही अभ्यासू वैद्य विचारील, आणि तो योग्य आहे. अष्टांगहृदयात वातपित्तविकारी, बाल, वृद्ध व अजीर्णी यांस व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. परंतु तेथील व्यायाम म्हणजे आयास उत्पन्न करणारे कर्म. सुश्रुताचार्यांनी शरीरास फार पीडा न देणारे चंक्रमण व्यायामाहून निराळे सांगून त्याची प्रशंसा केली आहे. वर दिलेल्या चेष्टा वृद्धासाठी या दुसऱ्या वर्गात ठेवाव्यात. निषेध आयासाचा आहे, चेष्टेचा नव्हे. सर्वथा निश्चेष्ट वृद्धाचा मांसक्षय व वातप्रकोप आपण रोज पाहतोच.

पुढील अवस्थांत मात्र योजना थांबवावी वा संबंधित तज्ज्ञाकडे पाठवावे : शोथयुक्त, उष्ण, लाल झालेला संधी, आमावस्था व ज्वर, छातीत वेदना वा चक्कर, पायात वाढत जाणारी शक्तिहीनता. मलमूत्राचे नियंत्रण गेल्यास वा बैठकीच्या जागी बधिरता आल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. अस्थिसौषिर्य असलेल्या रुग्णास भार घेऊन पुढे वाकणे व त्याच वेळी वळणे देऊ नये. खुब्याचा कृत्रिम संधी बसविलेल्या रुग्णास शस्त्रवैद्याने दिलेल्या मर्यादा आधी विचारून घ्याव्यात.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींसाठी

तेलाची बाटली दर महिन्याला नेणारा ग्राहक आपणास वैद्याहून अधिक वेळा भेटतो. त्यास तीन प्रश्न विचारावेत : गेल्या वर्षात आपण कधी पडलात काय? खुर्चीतून हाताच्या आधाराविना उठता येते काय? झोपेची वा रक्तदाबाची औषधे घेऊन उठताना अंधारी येते काय? उत्तर चिंताजनक वाटल्यास आणखी एक बाटली देण्यापूर्वी त्यास वैद्याकडे पाठवावे. रक्तदाबाचे औषध परस्पर बंद करण्याचा सल्ला मात्र कधीही देऊ नये. आणि प्रत्येक तेलासोबत एवढे सांगावे की तळपाय पुसल्याखेरीज चालू नका. दुकानातील हे एक वाक्य एखाद्याचा खुबा वाचवू शकेल.

उपसंहार

आरंभी उल्लेखिलेले शिक्षक आज ओट्याचा आधार सोडून आडवी पावले टाकतात. काठी अद्याप हाती आहे. नमस्कार त्यांनी सोडलेले नाहीत. त्यांच्या आधी व नंतर वळण्या-कलण्याच्या चेष्टा जोडल्या आहेत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता लेखकाजवळ आहे, पण ते चार महिने उशिरा आले. वाचक वैद्यांना तो उशीर होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. उद्या वातव्याधीचा पहिला रुग्ण समोर येईल तेव्हा त्याची नाडी पाहून झाल्यावर त्यास उभे करावे, बाजूला पाच पावले टाकावयास सांगावे, आणि जे दिसेल ते लिहून ठेवावे.